स्पीअरमनचे कोष्टक आणि आपले निकालपत्रक

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान व गणित शिक्षकांच्या शिबिरात बोलायला गेलो होतो. चहाच्या सुट्टीत एक गुरुजी वही घेऊन आले. आठवीच्या बेचाळीस मुलांच्या सहामाहीच्या गुणांवरून त्यांनी मराठी आणि गणित यांचा सहसंबंध गुणांक काढला होता. सगळी आकडेमोड हाताने केलेली, रकाने आखून, आणि मी पडताळून पाहिले तेवढ्यात एकही चूक नाही. उत्तर आले होते ०.८. एका नावावर बोट ठेवून ते म्हणाले, "सर, हे बघा. ही मुलगी मराठीत वर्गात चौथी आणि गणितात एकविसावी. सहसंबंध एवढा असताना असं व्हायला नको. म्हणजे डोकं आहे, पण गणितात मुद्दाम लक्ष देत नाही. पालकांना बोलावून घेतलंय."

मी काहीतरी थातुरमातुर बोललो. सुट्टी संपली, पुढचे व्याख्यान सुरू झाले. पण ती वही डोक्यातून गेली नाही. गणित अचूक, मेहनत प्रामाणिक, हेतू चांगला, आणि निष्कर्ष मात्र त्या गणितातून मुळीच न निघणारा. ही चूक गुरुजींची एकट्याची नव्हे. सूत्र ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या चार्ल्स स्पीअरमनपासून ती चालत आली आहे. म्हणून आज थोडे त्या सूत्राकडे आणि थोडे स्पीअरमनच्या मूळ लेखाकडे चिकित्सक नजरेने पाहू.

आधी सूत्र. बी.एड.च्या अभ्यासक्रमात ते सर्वांनी केलेले असते. दोन्ही विषयांत मुलांना क्रमांक द्यायचे, प्रत्येक मुलाच्या दोन क्रमांकांतला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज करायची. या बेरजेला सहाने गुणायचे, मुलांची संख्या आणि त्या संख्येच्या वर्गातून एक वजा केलेली संख्या यांच्या गुणाकाराने भागायचे आणि आलेली संख्या एकातून वजा करायची. हाच तो 'ऱ्हो'.

समजा सहा मुले आहेत. मराठीत त्यांना ८२, ७८, ७५, ७१, ६६ आणि ६० गुण मिळाले. त्याच क्रमाने गणितात ५८, ५१, ५४, ४०, ४३ आणि ३१. मराठीतले क्रमांक सरळ एक ते सहा. गणितातले एक, तीन, दोन, पाच, चार, सहा. फरकांच्या वर्गांची बेरीज ४, सहाने गुणून २४, भागिले २१०, आणि ऱ्हो ०.८९. म्हणजे सहसंबंध चांगलाच घट्ट. मराठीची सरासरी ७२, गणिताची ४६.

आता गणिताच्या परीक्षकाने पेपर सोपा काढला असे धरा आणि प्रत्येकाला गणितात तीस गुण वाढवून द्या. सरासरी ७६ झाली, मराठीच्याही वर गेली. ऱ्हो किती? तोच, ०.८९. क्रमांक बदललेच नाहीत तर ऱ्हो बदलणार कसा? गुणांवरून काढायचा पिअर्सनचा गुणांकही असाच वागतो. सर्वांना सारखेच गुण वाढवले किंवा सर्वांचे गुण निम्मे केले तरी तो जागचा हलत नाही.

हे साधे गणित वर्गात एकदा करून पाहावे. कारण सहसंबंधाच्या आधारे 'आमची मुले भाषेपेक्षा गणितात कच्ची आहेत' किंवा 'दोन्ही विषयांत त्यांची क्षमता सारखी आहे' अशी वाक्ये प्रकल्प अहवालांत सर्रास लिहिलेली असतात. सहसंबंधाचे सूत्र गुणांची पातळी पहिल्याच पायरीवर टाकून देते. ते फक्त रांग पाहते: एका विषयात पुढे असलेला दुसऱ्या विषयात पुढे आहे का? रांग कुठे उभी आहे, गच्चीवर की तळघरात, याची त्याला वार्ता नसते. बरे, सहसंबंध सोडून सरासरींची तुलना केली तरी मराठीतले ७२ आणि गणितातले ४६ या दोन आकड्यांना जोडणारी सामाईक फूटपट्टी आपल्याकडे नाहीच. फरक मुलांचा की पेपरांचा, हे त्या आकड्यांवर लिहिलेले नसते.

मग त्या मुलीचे काय? समजा त्या वर्गात गणिताची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १५ होते. (क्रमांकांचा ऱ्हो आणि पिअर्सनचा गुणांक अगदी एकच नव्हेत, पण इथे त्याने फारसे बिघडत नाही.) मराठीत बेचाळिसांत चौथी म्हणजे सरासरीच्या जवळजवळ १.४ प्रमाण विचलने वर. तिला ०.८ ने गुणले की गणितातला अंदाज येतो, सुमारे ६६ गुण. वर्गात एकविसावी म्हणजे प्रत्यक्षात मिळाले असतील ५० च्या आसपास. गुरुजींना खटकले ते हे सोळा गुण.

पण अंदाजाला स्वतःची चूक असते. सहसंबंधाचा वर्ग ०.६४, एकातून वजा केला की उरतात ०.३६, त्याचे वर्गमूळ ०.६. म्हणजे मराठीचे गुण माहीत झाल्यावरही गणिताच्या गुणांतली अनिश्चितता मूळच्या साठ टक्के शिल्लक राहते. पंधराचे साठ टक्के नऊ. शंभरातली पंचाण्णव मुले अंदाजाच्या वर-खाली साधारण अठरा गुणांच्या पट्ट्यात असणार. या मुलीसाठी तो पट्टा ४८ ते ८४. तिचे ५० गुण त्या पट्ट्यातच बसतात. आणि बेचाळीस मुलांच्या वर्गात एखाद-दुसरे मूल पट्ट्याबाहेर जाणे हेही अपेक्षितच. सहसंबंध ०.८ असताना असे व्हायला नको, हे म्हणणे चुकीचे. सहसंबंध ०.८ असला की असेच होते. असे कोणाच्याच बाबतीत न होण्यासाठी तो १ असावा लागतो.

आता स्पीअरमनकडे वळू. हा गृहस्थ सुमारे पंधरा वर्षे ब्रिटिश सैन्यात अधिकारी होता. नोकरी सोडून तो जर्मनीत लाइपझिगला वुंटच्या प्रयोगशाळेत मानसशास्त्र शिकायला गेला. १९०४ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी'त त्याचे दोन लेख आले. एकात सहसंबंध मोजण्याच्या पद्धती होत्या, दुसऱ्यात 'सामान्य बुद्धी' वस्तुनिष्ठपणे मोजल्याचा दावा होता. दुसऱ्या लेखातली सामग्री कुठली? एक इंग्लंडमधली खेड्यातली शाळा, आणि दुसरी हॅरोसारख्या बड्या शाळांत जाण्यासाठी श्रीमंतांच्या मुलग्यांची तयारी करून घेणारी शाळा. या दुसऱ्या शाळेतल्या तीसेक मुलग्यांवरून केलेले कोष्टक पुढे जगप्रसिद्ध झाले.

कोष्टकात सहा बाबी आहेत: अभिजात भाषा (म्हणजे लॅटिन-ग्रीक), फ्रेंच, इंग्रजी, गणित, स्वरांच्या उंचीतला सूक्ष्म फरक ओळखणे, आणि संगीत. अभिजात भाषा आणि फ्रेंच यांचा सहसंबंध ०.८३, अभिजात भाषा आणि गणित ०.७०, इंग्रजी आणि गणित ०.६४, गणित आणि संगीत ०.५१, तर स्वरभेद आणि संगीत सर्वांत कमी, ०.४०. एकही आकडा ऋण नाही. शिवाय त्यांत एक उतरंड दिसते. अभिजात भाषेची ओळ वाचत गेले तर आकडे ०.८३ पासून ०.६३ पर्यंत पायरीपायरीने उतरतात, आणि खालच्या ओळीही बऱ्याच अंशी त्याच क्रमाने उतरतात. स्पीअरमन म्हणाला, एकाच टाकीतले पाणी वेगवेगळ्या नळांतून कमीजास्त दाबाने येत असेल तरच असे दिसेल. त्या टाकीला त्याने नाव दिले सामान्य बुद्धी, आणि पुढे नुसते अक्षर, 'जी'. आपल्या बी.एड.च्या पुस्तकांतली द्विघटक उपपत्ती ती हीच: प्रत्येक विषयात थोडी सामान्य क्षमता आणि थोडी त्या विषयाची खास.

स्पीअरमनला श्रेय द्यायलाच हवे. विषयाविषयांतले धन सहसंबंध हा त्या एका शाळेचा योगायोग नव्हता. जॉन कॅरोल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९३ साली चारशे साठांहून अधिक सामग्रीसंच पुन्हा तपासून प्रसिद्ध केले, तेव्हाही हेच चित्र दिसले. मोजमापातल्या चुकांमुळे सहसंबंध खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, हे ओळखून दुरुस्तीचे सूत्र देणाराही स्पीअरमनच. वयाचा परिणाम वगळायला हवा हे त्याला कळत होते.

तक्रार आहे ती कोष्टकावरून टाकीपर्यंत मारलेल्या उडीबद्दल.

तीसच मुले घेतली तर ०.६४ हा आकडा किती विश्वासाचा? नेहमीच्या रीतीने हिशेब केला तर खरा सहसंबंध ०.३६ ते ०.८१ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. इतक्या धूसर आकड्यांत दुसऱ्या दशांश स्थळावरची उतरंड वाचणे म्हणजे धुक्यात पायऱ्या मोजणे. दुरुस्तीचे सूत्र वापरून स्पीअरमनला एके ठिकाणी सहसंबंध एकापेक्षा किंचित अधिक मिळाला. सहसंबंध एकाच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे काहीतरी ताणले गेले आहे हे उघड होते. कार्ल पिअर्सनने त्यावर लगेच टीका केली. तरी स्पीअरमनने त्या आकड्याचा अर्थ 'संपूर्ण एकरूपता' असा लावला. रेमंड फँचर या इतिहासकाराने १९८५ मध्ये त्याची आकडेमोड पुन्हा तपासली तेव्हा तिच्यात चुका आढळल्या. आपल्या गुरुजींची वही या बाबतीत मूळ लेखापेक्षा सरस होती!

शिवाय ते क्रमांक दिले कोणी? शाळेतल्या मास्तरांनी. छोट्या शाळेत मास्तर एकमेकांशी बोलतात, मुलगा 'हुशार' की 'ढ' हे शिक्षकखोलीत ठरून जाते. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये दाखवले की लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व अशा वेगवेगळ्या गुणांबद्दल दिलेले शेरे एकमेकांशी वाजवीपेक्षा जास्त जुळतात. एकूण मत चांगले झाले की सगळेच रकाने वर सरकतात. आपल्या तोंडी परीक्षांत आणि प्रकल्पांच्या गुणांत हे होत नाही असे कोणी छातीठोकपणे सांगावे. टापटीप अक्षर मराठीत गुण देते आणि भूमितीतही. हजेरी, घरात अभ्यासाला जागा, चष्म्याचा नंबर वेळेवर काढलेला असणे, या सगळ्यांमुळे सर्व विषयांचे गुण एकत्र वर-खाली होतात. यांतले एकही 'सामान्य बुद्धी' नव्हे, पण कोष्टकाला फरक कळत नाही.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र गॉडफ्रे थॉमसन या ब्रिटिश शिक्षणशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये घेतला, आणि तोही फासे टाकून. त्याची एक सोपी आवृत्ती वर्गात करता येते. बारा फासे घ्या, लुडोतले चालतील: चार लाल, चार निळे, चार हिरवे. रंगाचे मिळत नसतील तर स्केचपेनने ठिपके द्या. बाराही फासे एकदा टाकले की एक 'विद्यार्थी' झाला. लाल आणि निळ्या फाशांची बेरीज हे त्याचे मराठीचे गुण, निळ्या आणि हिरव्यांची बेरीज गणिताचे, हिरव्या आणि लालची विज्ञानाचे. असे तीस-चाळीस विद्यार्थी तयार करा आणि सहसंबंध काढा.

प्रत्येक विषयात आठ फासे आणि कोणत्याही दोन विषयांत चार सामाईक. त्यामुळे तिन्ही सहसंबंध ०.५ च्या आसपास यायला हवेत. (तीसच फेकी असतील तर बरेच इकडेतिकडे होतील. माझ्या पहिल्या तीस फेकींत मराठी-गणिताचा ०.३१ आला होता.) स्पीअरमनच्या पद्धतीने या कोष्टकाचा अर्थ लावला तर ती सांगेल की तिन्ही विषयांमागे एक सामान्य घटक आहे आणि प्रत्येक विषयातली निम्मी तफावत त्याच्यामुळे आहे. आता फाशांकडे पाहा. तिन्ही विषयांत सामाईक असा एक तरी फासा आहे का? नाही. सामान्य घटक कोष्टकात आहे, डब्यात नाही.

तीन विषयांत उतरंडीची खरी कसोटी लागत नाही, हे कबूल केले पाहिजे. थॉमसनने जास्त 'विषय' घेऊन, त्यांना फासे यदृच्छेने वाटून दाखवले की स्पीअरमनची उतरंडही अशीच उभी राहते. मनात अनेक लहान लहान क्षमता असतील आणि प्रत्येक विषय त्यांतल्या काही उचलत असेल, तरी कोष्टक तसेच दिसेल. यावरून सामान्य बुद्धी नाहीच असे सिद्ध होत नाही, आणि थॉमसननेही तसे म्हटले नव्हते. त्याचे म्हणणे एवढेच की कोष्टक पाहून निवाडा करता येत नाही. २००६ मध्ये हान व्हान देर मास आणि सहकाऱ्यांनी तिसरी शक्यता मांडली. वाढीच्या वयात क्षमता एकमेकींना हात देतात. वाचन सुधारले की शाब्दिक उदाहरणे कळू लागतात, उदाहरणे सुटू लागली की नेमके वाचायची सवय लागते. सुरुवातीला काहीही सामाईक नसले तरी काही वर्षांत सगळे सहसंबंध धन होतात. मला स्वतःला शाळेच्या संदर्भात ही मांडणी अधिक पटते, पण कोष्टक माझ्याही बाजूने साक्ष देत नाही.

हा वाद विद्वानांपुरता राहिला असता तर मी आपला वेळ घेतला नसता. इंग्लंडमध्ये १९३८ सालच्या स्पेन्स समितीच्या अहवालात, मुलाची बौद्धिक वाढ एकाच केंद्रीय घटकाच्या ताब्यात असते आणि तो लहान वयातच मोजता येतो, असे गृहीत धरले गेले. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षीच्या परीक्षेने मुलांच्या वाटा फुटू लागल्या: थोडी ग्रामर शाळेत, बहुतेक दुसरीकडे. पुढे बऱ्याच भागांत ही पद्धत बंद झाली, काही भागांत आजही आहे. गंमत अशी की त्या परीक्षांसाठी ज्यांचा खूप वापर झाला त्या मोरे हाऊस चाचण्या थॉमसनच्याच देखरेखीखाली एडिंबरोत तयार झाल्या. त्याची सुरुवात १९२१ मध्ये नॉर्थंबरलंडमध्ये झाली होती. दूरच्या खेड्यांतली हुशार मुले शिष्यवृत्तीपर्यंत पोचतच नव्हती, ती शोधायला. एकच साधन एका हातात दार उघडते आणि दुसऱ्या हातात बंद करते.

आपल्या शिक्षकखोलीतल्या एका समजुतीचाही इथेच समाचार घेतो: 'गणितात पुढे असलेली मुले भाषेत कच्ची असतात.' संपूर्ण गावातली मुले घेतली तर सहसंबंध धन येतो, मग हा अनुभव कुठून? बहुधा तुकड्यांमधून. समजा ब तुकडीत दोन विषयांत मिळून १२० ते १३० गुण असलेली मुले घातली. आता ज्याला गणितात ८० आहेत त्याला मराठीत ४० ते ५० च असणार, आणि ज्याला गणितात ४५ आहेत त्याला मराठीत ७५ ते ८५. ऋण सहसंबंध निवडीनेच तयार केला. त्यात मेंदूची रचना वगैरे काही नाही. एकूण टक्केवारीवर प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनाही मुले अशीच दिसतात.

सहसंबंध टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. एकाच पेपराच्या उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्या आणि त्यांच्या गुणांत सहसंबंध ०.५ आला, तर तपासणीची रीत सुधारायला हवी हे तो नेमके सांगतो. चित्रकलेत सर्वांना ७० ते ७५ च्या दरम्यान गुण दिले असतील तर चित्रकलेचा कोणत्याच विषयाशी संबंध दिसणार नाही, आणि त्यावरून 'कला ही वेगळीच बुद्धी' असे ठरवण्याआधी गुणदानाकडे पाहावे लागेल. साधन पेपरांबद्दल, तपासणीबद्दल, वर्गाबद्दल काही बोलते. एका मुलीच्या मनात काय आहे हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना ती उत्तरपत्रिका आणायला सांगितली. आम्ही दोघांनी ती व्हरांड्यात बसून पाहिली. अंकगणिताची उदाहरणे जवळजवळ सगळी बरोबर होती. बीजगणितात कंसाबाहेर उणे चिन्ह आले की दर वेळी आतल्या पहिल्याच पदाचे चिन्ह बदललेले, पुढच्या पदांचे तसेच ठेवलेले. एकूण सात ठिकाणी तीच चूक, आणि त्या एका चुकीचे चौदा गुण. गुरुजी बराच वेळ पान उलटत राहिले. मग म्हणाले, "हे मी फळ्यावर एकाच पदाचा कंस घेऊन शिकवलं होतं."